निंगबोत आडनाव विचारलं

आई, मी चीनमध्ये आहे. हसू नकोस, खरंच आहे. अंबरनाथच्या ज्या कंपनीत मी क्वालिटी बघते, तिनं प्लास्टिकची झाकणं बनवायचं मोठं मशीन इथून घेतलंय, आणि ते जहाजावर चढायच्या आधी चालवून बघायला मला पाठवलंय. साहेबांनी आधी दोघांना विचारलं होतं. एकाला व्हिसा मिळेना, दुसऱ्याच्या बायकोनं जेवणाच्या धास्तीनं त्याला अडवलं. मग माझी आठवण झाली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण विमानात खिडकीची सीट मिळाल्यावर पहिली तूच आठवलीस. तू असतीस तर त्या खिडकीवरून शेजारणीला महिनाभर ऐकवलं असतंस.

शहराचं नाव निंगबो, समुद्राकाठचं. पहिल्या दिवशी वाटलं, माझे कानच गेले. रस्ताभर गाड्या, पण हॉर्न म्हणून नाही. स्कूटरी सगळ्या बॅटरीवरच्या, गुपचूप मागून येतात आणि पायाला चाटून जातात. मी थोडक्यात वाचले. जिकडंतिकडं प्यायला गरम पाणी. तू भर उन्हाळ्यात गरम पाणी प्यायचीस म्हणून आम्ही चिडवायचो ना, इथं अख्खं शहर तुझ्या बाजूनं आहे. संध्याकाळी चौकात तुझ्या वयाच्या बायका स्पीकर लावून रांगेत नाचतात, कुणाची लाज नाही, कुणाची भीती नाही. आणि सकाळी हॉटेलात न्याहारीला काय असावं? पेज. आपली तांदळाची पेज, आणि सोबत खारवलेली मासळी. आपल्या त्या सिंधी वस्तीतल्या, कॅम्प एकमधल्या खोलीत तू सुके बोंबील भाजायला घेतलेस की शेजारचे खिडक्या लावून घ्यायचे. इथं माझ्या बाजूला टाय लावलेला माणूस मिटक्या मारत तसलंच खात होता. मी दोनदा वाढून घेतलं.

पण सांगायचंय ते वेगळंच. विमानतळावर घ्यायला त्या कारखान्याची एक मुलगी आली होती, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारी. माझी बॅग हातात घेण्याआधी तिनं काय विचारावं? तुमचं आडनाव काय. आई, माझी मान ताठ झाली. एवढे देश ओलांडून आले आणि इथंही तेच! डोळ्यांसमोर बदलापूरची ती खोली आली. मी सहावीत असेन. तू पॅकिंगची पाळी संपवून तशीच आली आहेस, माझा हात धरून दारात उभी आहेस. घरमालकीण मोरी दाखवते, पाणी कधी येतं ते सांगते, आणि मग हळूच म्हणते, आडनाव काय म्हणालात? तू सांगतेस, खणखणीत. त्यावरून आपण बौद्ध हे तिला कळतं आणि एकदम आठवतं की खोलीत तिचा दीर राहायला येणार आहे. रस्त्यावर आल्यावर तू म्हणालीस, तिचा दीर आत्ताच जन्माला आला बघ, आपण दारात उभ्या असताना. आणि इतकी हसलीस की मलाही हसू फुटलं. शेवटी कॅम्प एकमधल्या सिंधी आंटीनं खोली दिली. तिनं फक्त विचारलं, नळ उघडा टाकून तर जात नाही ना?

मी मात्र त्यातून भलताच धडा घेतला. मैत्रिणीच्या आजीनं पूर्ण नाव विचारलं तेव्हा माझं आणि बाबांचं नाव सांगून गप्प बसले, आणि घरी येऊन आपली हुशारी तुला सांगायला लागले. तू भाकरी थापत होतीस. हात तसेच पिठात ठेवून माझ्याकडं बघितलंस. "आडनाव काय उष्टं आहे का, गिळायला? पुढच्या वेळी पूर्ण सांगायचं, आणि सांगताना तिच्या तोंडाकडं बघायचं. तोंड वाकडं झालं तर ते तिचं झालं." तेव्हापासून मी तेच करते. सांगते आणि तोंडाकडं बघते. आजही, या वयात, आडनाव सांगून झाल्यावर माझा श्वास क्षणभर अडकतोच. हे तुला कधी बोलले नव्हते.

त्या मुलीला सांगितलं. तिनं ते नीट म्हणता यावं म्हणून गाडीत बसेपर्यंत घोकलं. तिचं ठीक होतं, आलेली पाहुणी हीच का ते बघायला विचारलं असेल म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात पिकल्या केसांचे मुख्य इंजिनिअर पुढं आले, त्यांनी फोनमध्ये चिनीत काहीतरी म्हटलं आणि फोन हिंदीत बोलला, "आपका उपनाम क्या है?" माझं डोकंच फिरलं. मी त्याच फोनमध्ये हिंदीत सुनावलं की मशीन बघायला आलेय, उपनाम कशाला पाहिजे? आणि त्या मेल्या फोननं इमानदारीत सगळं चिनीत सांगून टाकलं! माणसाचा चेहरा पडला. आसपासचे कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले. आता हे चिडले तर मशीन राहील बाजूला, आणि आमच्या कंपनीतून पुन्हा कुठल्या बाईला कोणी पाठवणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात. ती मुलगी धावत मध्ये आली. म्हणाली, आमच्याकडं पाहुण्याला नुसत्या नावानं हाक मारणं म्हणजे अपमान. आडनावानंच हाक मारायची, पुढं हुद्दा लावून. आणि ते विचारताना आधी एक शब्द लावतात, तो फोननं गाळला. त्या शब्दाचा अर्थ मौल्यवान. तुमचं मौल्यवान आडनाव काय, असं विचारलं त्यांनी.

आई, मी त्या माणसाची माफी मागितली आणि आडनाव सांगितलं. त्यांनी किंचित वाकून ते म्हटलं, चुकीचं म्हटलं, पुन्हा म्हटलं. मग दिवसभर त्या मोठ्या शेडमध्ये माझ्या नावानं हाका: आपलं आडनाव, पुढं इंजिनिअर. मी नुसती डिप्लोमावाली, पण कोण दुरुस्त करतंय! झाकणांच्या कडेला फाजील प्लास्टिक येत होतं, ते त्यांनी साचा उतरवून नीट केलं. मशीन पास झालं. त्या हाका ऐकताना मला खूप आनंद झाला, आणि तू नाहीस याचं तितकंच वाईट वाटलं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा बॅगेतच राहील. एक मात्र कबूल करते. आज निघताना त्यांचे मोठे मॅनेजर भेटायला आले आणि त्यांनीही तेच विचारलं. ते चिनी शब्द आता मला ओळखू येतात, आणि मशीन बंद होतं, ऐकू तर स्वच्छ आलं होतं. तरी मी कान पुढं करून म्हटलं, "काय?" पुन्हा एकदा विचारावं म्हणून.