तुटक्या तारेवर चढलेला पन्हाळा

संयू,

झोपली होतीस म्हणून उठवलं न्हाय, मी कामावर निघालोय.

काल पन्हाळ्याच्या शर्यतीत शेवटची आलीस आणि म्हणालीस, "आबा, माझ्यात दमच न्हाय, सायकल इकून टाका." आज पावणं सायकल इकत घ्यायला येणार म्हणून ती पुसायला घेतली, तर मागचा गिअर बदलेना. हँडलवरचा गिअरचा खटका नुसता लुळा फिरत होता. खोलून बघितलं, आत तार तुटलेली. साखळी सगळ्यात लहान चक्रावर अडकलेली, म्हणजे सगळ्यात जड गिअर!

तशीच टेंबलाईच्या चढाला घातली. तालमीत उमर घालवलेला मी, अर्ध्यात उतरून ढकलत वर गेलो. आणि तू त्याच गिअरवर आख्खा पन्हाळा चढलीस की गं पोरी! आपल्यातच खोट हाय समजून पायडल मारत राहिलीस. कुठं तुटली असंल ती? घाटाच्या तोंडाला, वाघबिळापाशी?

सायकलवाल्याला दुकान उघडायला लावून नवी तार घातलीय. गिअर आता लोण्यासारखा पडतोय. तुटकी तार देवघरात ठेवलीय, आईला काढू देऊ नको.

पावणं आलं तर चहा पाज, आणि सांग, सायकल इकायची न्हाय.

आबा