पलीकडची थड

शहापूर,
सोमवार, ३ मार्च २०२५

तीर्थस्वरूप बाय,

राघोचा तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

आम्ही सगळे बरे आहोत. गुडघे आता माझे राहिले नाहीत, सूनबाईच्या तेलाचे झालेत. तुझी म्हैस व्याली का? तुझ्या सुनेचं, शीतलचं कसं चाललंय? फोनवर तू नुसती ‘हं’ म्हणतेस आणि मी हवापाण्यावर जातो, म्हणून पत्र लिहायला बसलो. अक्षर मोठं काढलंय.

काल दर्यात जाऊन आलो.

माझ्या रविंद्रच्या कामावरच्या पोरांना गळाने मासे धरायचा नाद आहे. अलिबागकडे एक होडी भाड्याने करतात आणि दिवसभर भर समुद्रात बसतात. मासे धरायला भाडं भरून जातात गो! आपण भातसेच्या डोहावर फुकट बसायचो आणि घरी मार खायचो. मी म्हटलं, मलाही न्या. रविंद्रने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग ‘बरं’ म्हणाला.

पहाटे धुकं होतं. थंडी अजून पुरती गेली नाही, तरी वाऱ्यात चैत्राची चाहूल होती. किनारा मागे सरकला तसं मला शाळेतलं आठवलं. तिसरी-चौथी एका वर्गात भरायची, तिथे आपण होडीची कविता म्हणायचो, तू पुढे, मी मागे. तुझा सूर इतका उंच जायचा की गुरुजी खिडकी लावून घ्यायचे. त्या कवितेत होडी शेवटी पैलतीराला लागायची. बाय, पुस्तकातल्या सगळ्याच होड्या लागायच्या.

मला गळाला शिंगाळा लागला. मिशा थेट आपल्या जयराममामासारख्या, आणि रुसवाही तसाच. पोरं म्हणाली, “काका, फोटो, फोटो!” मी त्याला हातात धरून उभा राहिलो, तर त्याने शेपटीने माझ्या थोबाडीत दिली. सगळे हसले. मीही हसलो. मग मला वाटलं, हसायला आलास का तू इथे? आणि मी तो पाण्यात सोडून दिला.

आता तू विचारशील, गाठोड्याचं काय केलंस? सांगतो. जरा दम धर.

सुनिलची बोट उलटली, बाकीचे खलाशी सापडले आणि तो सापडला नाही, तेव्हापासून तुझं एकच म्हणणं. पाणी म्हटलं की त्याला दोन थडी आल्या. या थडीला नाही लागला, तर त्या थडीला लागला असेल. तिथल्या कुणी त्याला चार घास घातले असतील. दिवाळीनंतर पाड्यावरची माणसं पळसाची पानं घेऊन आली. देह मिळाला नाही की पानांचा माणूस करतात, त्यालाच अग्नी देतात, मग दिवस करतात. तू ती पानं उचलून म्हशीपुढे टाकलीस. “माझ्या लेकाला पाल्याचा करता काय रे? आधी कुनी ती थड बघून या. थड नाय म्हनाला, तर करा.”

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. बायचं ऐकणारा मी एकटाच उरलोय ना.

दुपारी पोरं जेवायला बसली. मी होडीच्या मागच्या अंगाला, सुकाणू धरलेल्या तांडेलाजवळ गेलो. रंगू त्याचं नाव, साधारण माझ्याच वयाचा. त्याला विचारलं, “दादा, पलीकडची थड कुठून दिसते?”

पोरांनी ऐकलं. एकजण ओरडला, “काका, पलीकडे डायरेक्ट दुबई! पासपोर्ट आणलाय का?”

रंगू हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं. “कोन गेलाय तुमचा?” म्हणाला.

“भाचा.”

त्याने मला खांद्याला धरून उभं केलं आणि सावकाश सगळीकडे फिरवलं, लहान पोराला जत्रा दाखवतात तसं. पुढे पाणी. डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. मागे वळलो तर आपली जमीनही दिसेना. रविंद्र पोरांमधून उठून आला आणि माझा सदरा मागून धरून उभा राहिला, मी पडेन म्हणून. की तोच पडेल म्हणून, कोण जाणे. सुनिल आणि तो एका ताटात जेवलेले.

मी खूप वेळ बघितलं, बाय. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याने बघितलं, दुसऱ्याने बघितलं. ढगाची एक रेघ दिसली तेव्हा जीव वर आला. ती हलली.

गाठोडं तिथेच उघडलं. ‘त्या थडीला ज्यानं माझ्या लेकाला जेवू घातलं, त्याला दे,’ म्हणून तू नाचणीच्या भाकरी बांधून दिल्या होत्यास. कुणाच्या हाती देणार? एकेक करून पाण्याला दिल्या. थोडा वेळ तरंगल्या.

गाठोड्यातला, म्हशाच्या जत्रेत घेतलेला त्याचा स्वेटर मात्र मला सोडवला नाही. पाणी फार गार होतं गो. तो परत आणलाय. सूनबाई धुवायला मागत होती, मी दिला नाही.

खर्डीच्या रानात पळस फुललाय. आता जुनी पानं गळतात, झाडावर थोडीच उरलीत. ती पुरती जायच्या आत मी काढून घेऊन येतो. शिमग्याआधी येईन. तू कुणाला बोलावू नकोस, शीतलला मी सांगेन. माणूस आपण दोघं मिळून करू. बांधताना तू धर, मी गाठ मारीन. आणि त्याला तो स्वेटर घालू.

थड नाय गो, बाय.

या थडीवर तुझ्याजवळ उरलेला,
तुझा धाकटा
राघो