कलम तीन: माशांच्या टाकीचा स्टँड

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा सुतारकाम, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोळ्यांना चष्मा आहे, पण काटकोन मला अजून काटकोनच दिसतो. मला काही झालेले नाही. डॉक्टर म्हणाले, "अजून दहा वर्षं तरी मला त्रास द्याल." पण मन हलके झाले की माणसाला आवराआवर सुचते.

१. राहते घर, दोन खोल्या, आणि बँकेतील शिल्लक माझ्या मुलीची. तिने भिंतींना हवा तो रंग द्यावा. मी बघायला नसेन, हे बरेच.

२. सगळी हत्यारे दुकानातल्या पॉलिशवाल्याला. बावीस वर्षे त्याने माझी कामे चकाकवली आणि काही चुकाही बुजवल्या. अट एकच: समोरच्या काचवाल्याला पटाशी उसनी देऊ नये. त्याने एकदा माझ्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. मी विसरलेले नाही.

३. दुकानात खिडकीखाली माशांच्या टाकीचा जो स्टँड उभा आहे, तीन फूट लांब, दीड फूट रुंद, तो माझ्या धाकट्या भावाला द्यावा. भाऊ नळजोडणीची कामे करतो. त्यालाच का, हे लिहिणे भाग आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली. तिला बघायला काहीतरी हलते-फिरते हवे, म्हणून भावाने टाकी आणली आणि मी स्टँड केला. दीडशे लिटर पाणी, म्हणजे दीडशे किलो. काच आणि वाळू धरून दोनशेच्या घरात. आठव्या दिवशी भाऊ पाणी बदलून हात पुसत होता, आणि सगळे खाली आले. मी आईसमोर त्याला म्हणाले, "काठोकाठ भरलीस ना? तुझ्या हातचं काही टिकतच नाही!" मी बोलत होते तेव्हा तो फरशीवरचे मासे वेचून बादलीत सोडत होता. सहापैकी चार वाचले. मग तो गेला. आईला भेटायला यायचा, पण मी दुकानात असतानाच. आई गेल्यावर तेही संपले.

मागच्या वर्षी माळा आवरताना त्या मोडक्या स्टँडचे लाकूड सापडले. चांगले लाकूड माझ्याने टाकवत नाही, म्हणून वापरायला काढले. आडव्या पट्ट्या पायांच्या डोक्यावर टेकवायच्या असतात. भार लाकडाने लाकडावर घ्यायचा, स्क्रूने फक्त धरून ठेवायचे. हे मी साऱ्या जगाला शिकवत आले. पण त्या स्टँडला वरून जोड दिसू नयेत, सफाई यावी, म्हणून मी पट्ट्या पायांच्या मधे बसवल्या होत्या, नुसत्या स्क्रूंच्या भरवशावर. एका बाजूचे चारही स्क्रू तुटलेले होते. नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय! चूक माझी होती आणि खापर त्याच्या डोक्यावर फोडले. त्या दिवशी मी दुकानात बसून रडले.

त्याच लाकडाचा नवा स्टँड केला. पट्ट्या पायांवर टेकवल्या, पाठीला प्लायवूड ठोकले, चारही पाय समपातळीत आणले. वर वाळूची पोती ठेवली आणि पोत्यांवर मी स्वतः चढून बसले. पॉलिशवाला म्हणाला, "बाई, उतरा आता, मासे एवढे जड नसतात." मग भावाला फोन करून सगळे सांगितले. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

तेवढ्यानेही माझा जीव भांड्यात पडला. निदान त्याने ऐकून तरी घेतले. स्टँड तो घेईल की नाही, हे लिहिताना मला ठाऊक नाही. न घेतल्यास मुलीने त्यावर काहीही ठेवावे, मासे सोडून.

४. माझ्या मागे कोणी कोणाशी अबोला धरू नये. धरायचाच असेल तर आधी स्क्रू तपासावेत.

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीदार म्हणून मी भावाला बोलावले, आणि तो आज आला. कागद वाचून म्हणाला, "मला स्टँडबिंड नको. सही हवी ना, करतो." कागद तपासायला आलेल्या वकीलबाईंनी त्याला अडवले. "साक्षीला सही केलीत तर तुमच्या वाटचं तुम्हाला मिळत नाही. एक काय ते ठरवा." त्याने तरीही पेन टेकवले, पहिले अक्षर काढले आणि थांबला. मग गुडघ्यांवर बसून स्टँडखाली डोके घातले. प्रत्येक पायाशी बोट फिरवून पाहिले. बाहेर आला तेव्हा डोळे ओले होते.

"ताई, रुंदी किती म्हणालीस?"

"दीड फूट."

"आमचं दार अडीच फुटांचं आहे." त्याने आपले अक्षर स्वतःच खोडले. "तू मरेपर्यंत कशाला थांबायचं? आजच नेतो."

वकीलबाई हसल्या. आजच नेला तर तो वारसा उरत नाही, मग साक्षीलाही हरकत नाही, म्हणाल्या. सबब कलम तीन रद्द समजावे. मात्र ते खोडू नये, वाचायला राहू द्यावे.

ठिकाण: माझे दुकान, खिडकीखालची आता रिकामी झालेली जागा.
तारीख: तीन नोव्हेंबर, दुपार.

सही: ताई (बाजारात सुतारबाई)

आम्हा दोघांसमोर सही केली:
१. तळमजल्यावरचा शिंपी
२. धाकटा भाऊ (एकदा खोडून पुन्हा, दोन्ही वेळचे अक्षर त्याचेच)