दार उघडलं की वाजणारी धून

मिरज, मंगळवार. आत्ताच दुकान बंद करून आलो.

ती धून कानातून जात नाही. आमच्या केकच्या दुकानाचं दार उघडलं की वाढदिवसाची धून वाजलीच पाहिजे, हा फ्रँचायझी देणाऱ्या कंपनीचा नियम.

आज समोरच्या हॉस्पिटलातून एक माणूस आला. धून वाजली, तसा तो दारातच थांबला. ती संपल्यावर हळूच म्हणाला, "दादा, मयताचं सामान कुठं मिळंल हितं?" मी मागची गल्ली दाखवली. तो बाहेर पडला तेव्हा धून पुन्हा वाजली.

जागा मीच निवडली. फौजेत नाक्यावर ये-जा मोजायची सवय, तशीच या रस्त्यावर उभं राहून गर्दी मोजली. बायको तेव्हाच म्हणाली होती, "आवं, माणसं लय हायती, पण केक खायच्या मनाची हायती का?" मी म्हटलं, तुला धंद्यातलं काय कळतं. आता करारात पुरता अडकलोय. गावी पाटणला परत कुठल्या तोंडानं जाऊ?

पण टोचतंय ते दुसरंच. धुनीचं बटण माझ्या हाताशीच होतं. नियम म्हणून मी ते बंद केलं नाही. आणि कंपनीचा माणूस तर पुण्यात बसतो.