बाकाची डावी बाजू

ता. ६ जुलै

ती. आक्कास,
धाकट्याचा सप्रेम सलाम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे दुखत असणार. चष्म्यांचं दुकान बरं चाललंय. लोक चष्म्यांवर बसताहेत तोवर माझ्या पोटापाण्याची चिंता नाही.

आक्का, ही माझ्याशी बोलत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर हिचा डावा हात लुळा पडला, तो तसाच आहे. ही वाजवायची तो चर्चमधला ऑर्गन झाकून ठेवलाय. मंडळीनं उपास केले, प्रार्थना केल्या. मग एक पाहुणे उपदेशक आले. मिळालंच आहे असं मानून आधी सगळ्यांसमोर तशी साक्ष द्यावी, मग देव देतो, असं ते म्हणाले. मला पटलं. पुढच्या उपासनेत मी उठलो आणि हिची बोटं हलू लागल्याचं सांगून टाकलं. टाळ्या झाल्या. ही त्या दिवशी घरीच होती.

दुसऱ्या दिवशी मंडळीतल्या बायका अभिनंदनाला आल्या. हिनं हात शालीखाली लपवला. तेव्हापासून हिचं चर्चला जाणं बंद. माझं जेवण टेबलावर ठेवते आणि आत निघून जाते. एकदाच बोलली. म्हणाली, मी साक्ष दिली आणि तिला घरात कोंडलं. आता बाहेर पडली तर एक तर नवरा खोटा ठरणार, नाही तर देव.

जन्मभर देवाची सेवा केलेल्या बाईच्याच वाट्याला हे का? की माझा विश्वास कमी पडला? तू कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलीस, तूच सांग.

लोभ आहेच, रागावल्यावरही असू दे.
तुझा,
गोट्या


ता. ११ जुलै

चि. गोट्यास,
अनेक आशीर्वाद.

गुडघे दुखतात. हल्ली खुर्चीत बसून प्रार्थना करते. वरून अजून तक्रार आलेली नाही.

तुझा विश्वास कमी पडला नाही, अक्कल कमी पडली. देवानं शब्द दिला नव्हता. त्याच्या वतीनं तूच सही ठोकलीस आणि आता तो वचन पाळत नाही म्हणून तोंड पाडून बसलास. क्रुसाच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनं स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं होतं. टळला नाही. त्याचा विश्वास कमी पडला असं म्हणायची त्या उपदेशकाची छाती आहे का, विचार त्यांना. प्रेषित पौलानं देहातला काटा काढ म्हणून पुन्हा पुन्हा मागितलं. कृपा मिळाली, काटा राहिला.

तिलाच का, ते मला माहीत नाही. तत्त्वज्ञानाच्या पदवीनंतरही नाही. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र त्याच्याशेजारी गप्प बसले होते तोवर शहाणे होते; तोंड उघडलं आणि घाण केली. मी कारण देणार नाही. हिच्या पापामुळे, हिला घडवण्यासाठी, असलं काही कुणी बोललं तर माझं नाव सांग. मला माहीत आहे ते एवढंच: आपला देव दुःखाच्या काठावर उभा राहून सूचना देणारा नाही, तो आत उतरला. आणि मरणातून पुन्हा उठला तेव्हा ओळख पटवायला त्यानं गुळगुळीत हात दाखवले नाहीत. खिळ्यांच्या व्रणांचे दाखवले. ज्याच्या गौरवातही व्रण राहिले, त्याच्यासमोर माझ्या भावजयीला शाल कशाला लागते?

आता कामाचं. जिथं उभा राहून बोललास, तिथंच उभा राहून खरं सांग. आधी बायकोला सांग. ‘तूही चल’ असं एकदाही म्हणू नकोस. तिला गळ घालायचा हक्क तू सध्या गमावला आहेस.

कान उपटणारी असले तरी तुझीच,
आक्का


ता. २२ जुलै

ती. वन्सं यांस,
भावजयीचा सलाम.

तुमच्या भावानं तुमचं पत्र मला वाचायला दिलं. स्वतः स्वयंपाकघरात भांडी घासत उभे राहिले. दोन कप फोडले.

रविवारी मी गेले. दाराजवळच्या बाकावर बसले, पळता यावं म्हणून. हे उठले आणि म्हणाले, की बायकोची बोटं हललेली नाहीत, मी खोटं बोललो. पुढच्या बाकावरच्या बहिऱ्या खजिनदारांना ऐकू गेलं नाही, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. खोटं एकदा बोलले, कबुली दोनदा द्यावी लागली. कुणी हसलं नाही. पाळकसाहेब नुसते यांच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग गीत सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे गायकांनी सूर फार वर धरला. दुसऱ्या कडव्यात सगळ्यांचे गळे चिरणार हे मला दिसत होतं. वन्सं, लोक म्हणतात मला पवित्र आत्म्यानं उठवलं. असेलही, पण मला आधी त्या सुरानं उठवलं. शाल बाकावरच राहिली. मी जाऊन ऑर्गनचं झाकण उघडलं. पाय भाता चालवतात, उजवा हात चाल वाजवतो. डावा मांडीवर होता, सगळ्यांसमोर. डाव्या हाताचे खालचे सूर नाहीत म्हटल्यावर पुरुष गडबडले, मग चाचपडत स्वतःच गाऊ लागले. इतकी वर्षं ते माझ्या डाव्या हातावर आळसावले होते! त्यासाठीच तो गेला असं एक बाई म्हणाल्या. मी लगेच तुमचं नाव सांगितलं.

हात तसाच आहे. राग अजून थोडा आहे. तो मी प्रार्थनेत सांगते, दुसरीकडे सांगण्यासारखा तो नाही. पण एवढं कळलं, की बरी न होताही मी त्याचीच आहे, आणि हे उभं राहून सांगता येतं. यांच्याशी बोलते आता. कपांविषयी तर बरंच बोलले.

हे सांगतात की कॉलेजात तुम्ही ऑर्गनवर मैत्रिणीशेजारी बसून नुसते खालचे सूर वाजवायचात आणि वसतिगृहाचं मांजर पळून जायचं. खरं का? मी हल्ली ऑर्गनच्या बाकाच्या उजव्या टोकाला बसते.

माया आहे, ती राहू द्यावी.
आपली,
भावजय


ता. २७ जुलै

चि. सौ. भावजयीस,
आशीर्वाद.

मांजर बहिरं होतं. ते दुसऱ्या कारणानं पळायचं. गोट्याला सांग, की त्यानं आणखी एक खोटी साक्ष दिली आहे.

माझी बोटं आखडली आहेत, चुका होतील, आणि मी कुणाची माफी मागणार नाही. शनिवारी येते. बाकाची डावी बाजू पुसून ठेव.

तुझी,
वन्सं