नणंदेच्या एजंटचे हात

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा तेच! साहेबांनी सगळ्यांना गोळा करून छोटीचा एजंट दाखवला. छोटी म्हणजे माझी नणंद. लिफ्टदुरुस्तीच्या या ऑफिसात तिला आणलं कुणी? मी! साहेबांकडे शब्द टाकला कुणी? मीच!

एजंट म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम. आलेल्या तक्रारी वाचतो आणि पुढे काय करायचं ते स्वतःच ठरवतो म्हणे. "नुसतं डोकं असून काय उपयोग? एकेक टूल जोडलं की एकेक हात फुटतो त्याला!" — इति छोटी. सगळे हसले. मीही हसले. गाल दुखले.

६ मार्च, गुरुवार

आणखी एक हात फुटला. कुठला पार्ट शिल्लक आहे हे आता तो थेट स्टोअरच्या यादीत बघतो. स्टोअरवाला खूश — "सुटलो बुवा! फोन उचलून उचलून कान दुखायचा." फोन कोण करायचं? मी.

जेवताना सासूबाईंचं सुरू — "आमची छोटी पहिल्यापासूनच हुशार." नवरा मान डोलावतोय! इतकी वर्षं कुठल्या इमारतीत कुणाला पाठवायचं हे मी बसल्या जागी ठरवते. त्याबद्दल या घरात कुणाच्या तोंडून अवाक्षर निघालं नाही.

११ मार्च, मंगळवार

छोटी खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसली. "वहिनी, आता मेकॅनिकला काम देण्याचं टूल जोडतेय. तू कसं गं ठरवतेस, कुणाला पाठवायचं?"

"अंदाजाने."

"सांग ना नीट."

"अनुभव असा सांगता येतो होय?"

हिरमुसली. मला बरं वाटलं. लिहितानाही बरं वाटतंय!

१४ मार्च, शुक्रवार

तरी जोडलंच तिने. मेकॅनिकच्या मोबाइलवर मेसेज जातो, तो 'निघालो' कळवतो — झालं! मला दिवसभर काम नाही. टेबलाचे खण आवरले. परत आवरले.

चुकावा मेला एखाद दिवशी.

१८ मार्च, मंगळवार

चुकला.

दुपारी तक्रार आली — एका इमारतीत आजोबा आणि त्यांची लहानगी नात लिफ्टमध्ये अडकलेत. एजंटने लंबू मेकॅनिकला निवडलं. बरोबरच होतं, तो पलीकडच्याच रस्त्यावर काम करत होता. मेसेज गेला. उत्तर नाही. परत मेसेज. उत्तर नाही. येणारच नव्हतं! काम करताना लंबूचा मोबाइल पिशवीत असतो आणि पिशवी खाली वॉचमनजवळ. अशा वेळी मी त्या वॉचमनला फोन करते, तो लंबूला हाक मारतो. एजंटला फोन करायचा हातच नव्हता.

सगळं माझ्यासमोर स्क्रीनवर दिसत होतं. फोन हाताशी होता. उचलला नाही. कळू दे एकदा सगळ्यांना! चहा पीत बसले.

मग त्या मुलीच्या आईचा फोन — "अहो, मघापासून आतून रडत होती, आता आवाजच येत नाहीये!"

कप बाजूला सारला. वॉचमनला फोन लावला. लंबू धावत गेला. मुलगी रडून रडून झोपली होती. आजोबांना दोघांनी धरून बाहेर आणलं. बरे आहेत म्हणतात.

१९ मार्च, बुधवार

साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली — "बघा, माणूस लागतोच!" टाळ्या. छोटी खाली मान घालून बसलेली. हेच हवं होतं ना मला? वर बघवेना.

संध्याकाळी आपणहून तिच्याजवळ जाऊन बसले. कोण मोबाइल कुठे ठेवतो, कुठला वॉचमन जागेवर नसतो, सगळं सांगितलं. तिने विचारलं, "उत्तर आलं नाही तर किती थांबायचं?"

"माणूस अडकलं असेल तर थांबायचंच नाही."

आता ती एजंटला फोनचं टूल जोडतेय. तिकडेही कुणी उचलला नाही, तर माझ्या टेबलावर घंटा वाजेल.

२१ मार्च, शुक्रवार

घंटा वाजली! तीन ताड उडाले. लंबूला गाठलं, काम झालं.

घरी सासूबाई — "छोटीने त्याला फोनसुद्धा करायला शिकवलं म्हणे!" अंगाचा तिळपापड. अजूनही! काय बाई आहे मी.

२३ मार्च, रविवार

गच्चीवर दोघी कपडे वाळत घालत होतो. छोटी एकदम म्हणाली, "वहिनी, त्या दिवशी तू चहा पीत होतीस ना, तेव्हा मी मागेच उभी होते."

म्हणजे हिने सगळं पाहिलं! तरी तोंडातून निघून गेलं — मग तू का नाही केलास फोन?

ओला टॉवेल झटकत राहिली. मग म्हणाली, "तू फोन उचलायच्या आत एजंटनेच लंबूला गाठावं म्हणून थांबले. अजून सगळे आधी तुलाच विचारतात गं. मला ते बघवत नाही."