दोन तोंडांचा बैल

आमच्या लाडक्या आणि तितक्याच तिखट मेहुणीबाई ग्वेईलान यांना थोरल्या भाऊजींचा आशीर्वाद. (नको असेल तर परत पाठव, इथं कामाला येईल.)

तुझ्या नवऱ्याचा खोकला कसा आहे? आणि गाढवाचा पाय? (दोघांची चौकशी एका दमात केली म्हणून रागावू नकोस. आजारपणात दोघंही सारखीच लाथा झाडतात, असं तूच म्हणाली होतीस.) आम्ही इकडे खुशाल. राळ्याची पेज दोन्ही वेळा मिळते, वाळवलेली लाल बोरं यंदा गोड निघाली, झोपायचा ओटा खालून छान तापतो. तुझ्या ताईची तब्येतही ठणठणीत आहे, फक्त ती माझ्याशी बोलत नाही. त्याला कारण एक बैल.

पण बैलाआधी डोळ्यांचं सांगायला हवं. नववर्षाला खिडकीच्या जाळीवर नवा पांढरा कागद चढतो, त्यावर तुझ्या फंगलानताईनं लाल कागदातून कापलेली चित्रं लागतात आणि अख्ख्या टेकडीवरच्या बायका बघायला येतात. बघायला कसल्या, परीक्षा घ्यायला. तुझी ताई चाळीस वर्षं पहिली येते आहे. मात्र दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. मागच्या हिवाळ्यात कोंबड्याचा तुरा कापायला गेली आणि मानच उडवली. यंदा तिनं कात्री पेटीत टाकली आणि जाहीर केलं, की बाजारात आलेला लाल कागदच भिकार आहे. (कागद चांगला होता. मीच आणला होता.) दिसत नाही हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही, आणि चारचौघांत मलाही ते माहीत नाही असं मी वागायचं, असा आमचा अबोल करार. डॉक्टरचं नाव काढलं की म्हणते, "डोळ्यात सुरी घालणारा तो माझा कोण लागतो?" तुझा दाखला दिला, की बघ, ग्वेईलाननं मोतीबिंदू काढला आणि आता भराभर सुईत दोरा ओवते. तर म्हणाली, "तिचं सोडा, ती लहानपणापासूनच अविचारी." (मी फक्त निरोप पोचवतोय.)

तर नववर्ष तोंडावर आलं आणि आमची खिडकी कोरी. कोरी खिडकी म्हणजे दवंडीच की. म्हणून मी ठरवलं, आपणच कापू. बैल निवडला, कारण बैलाशी माझी जन्माची ओळख. ताईला बघताना मी एवढंच शिकलो होतो, की कागद दुमडायचा आणि कापायचा. काय दुमडून कापायचं आणि काय नाही, हे विचारायचं राहून गेलं. फूल दुमडून कापलं तर फूल होतं. बैल दुमडून कापला तर काय होतं, ते घडी उलगडल्यावर कळलं. इकडे एक तोंड, तिकडे एक तोंड, शेपूट कुठंच नाही. दुसरा कागद नव्हता. चिकटवला. ताईनं विचारलं, "काय कापलंत?" मी म्हटलं, "बैल." खोटं नाही बोललो.

आता गंमत ऐक. शेजारची शांग काकू आली, बैलासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि मी मागच्या दारानं पळायच्या बेतात असताना (डोंगरात खोदलेल्या घराला मागचं दार नसतं, हे त्या क्षणी आठवलं) ती ओरडली, "अगं बाई! एक तोंड यंदाचं खातंय, दुसरं पुढच्या सालचं! फंगलान, तुझ्या डोक्यात येतं तरी कसं गं?" झालं. नमुना उतरवून घ्यायला बायका रांगेनं आल्या: बैल खिडकीवरून अलगद सोडवायचा, ओला करून कोऱ्या कागदावर बसवायचा, दिव्याच्या काजळीवर धरून छाप उठवायचा. पंधराव्या दिवशीच्या कंदिलांच्या सणापर्यंत निम्म्या गावाच्या खिडक्यांवर दोन तोंडांचा बैल, आणि सगळीकडे एकच बोललं जातं, फंगलानची नवी तऱ्हा. तिला वाटलं, मी दोन बैल कापलेत, एक यंदाचा, एक पुढच्या सालचा, आणि त्यांचं एवढं कौतुक म्हणजे नवऱ्याच्या हातात नक्की कला आहे. ग्वेईलान, ते पंधरा दिवस तिनं मला इतकं मायेनं वागवलं, की खरं सांगायचं धाडस झालं नाही.

मग काकूच्या घरी गेलो असताना ताईनं सहज खिडकीवर बोट फिरवलं. शिंगं, कपाळ, तोंड. बोट मागं सरकत गेलं. पाठ, पाठ, आणि पुन्हा शिंगं. तिनं काकूचा निरोप घेतला. वाटेत माझा हात धरला नाही. उंबऱ्यात म्हणाली, "चाळीस वर्षांचं नाव तुम्ही बैलाच्या तोंडात घातलंत. तेही दोन्ही तोंडांत." तिनं 'बैल माझा नाही' म्हणावं, तर दिसत नाही हे कबूल करावं लागतं. 'माझा' म्हणावं, तर तो बैलच तिच्या नावानं मागं राहतो. तीन दिवस तिनं विचार केला आणि परवा एवढंच म्हणाली, "डॉक्टरला कळवा. तो बैल नावावर घेऊन मी मरणार नाही."

म्हणून तुला त्रास देतोय. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या दवाखान्यात जायचंय. ती बिचारी घाबरेल, जवळ बहीण असली की धीर येईल. तू ये.

तुझा भाऊजी,
हाओ शौमिंग

ता.क. वर लिहिलं ते तितकंसं खरं नाही. ती घाबरलेली नाही. तिनं गाठोडं बांधलंय, त्यात कात्रीही घातली आहे. घाबरलोय मी.

ता.क. पुन्हा. आणि शस्त्रक्रिया बिघडेल एवढीच भीती नाही. ती चांगली झाली तर? दोन वर्षांत तिनं मला नीट पाहिलेलं नाही. तेवढ्या काळात माझे पुढचे दात गेले, गाल बसले. तिच्या मनात अजून तो जुना, बरा दिसणारा शौमिंग आहे. पट्टी सोडतील तेव्हा तू शेजारी उभी राहा आणि माझ्याबद्दल काहीतरी बरं बोल. सुचेल ते.

ता.क. शेवटचा. लिहिताना मी पुटपुटतो. तिचे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, हे विसरलो होतो. ओट्यावरून आत्ताच म्हणाली, "वारा सुटला की तुमच्या फुटलेल्या तोंडाला मेंढीची चरबी रोज कोण चोळतं? शांग काकू? कुठला गाल किती बसलाय ते पाठ आहे मला. ग्वेईलानला कशाला दमवता? लिहा, येऊ नकोस म्हणून." तिनं सांगितलं म्हणून लिहिलं. अक्षर पुसट झालंय, ते माझ्या डोळ्यांतल्या पाण्यामुळे, शाई चांगली आहे. तू मात्र ये.